खारकीवहून फोन

आज सकाळी युक्रेनमधल्या खारकीवच्या माझ्या जुन्या घरमालकीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मार्च २०२२ मध्ये आम्ही मेडिकलची पोरं तिथून निघालो, तेव्हा माझी कढई त्यांच्याकडेच राहिली. अजून जपून ठेवलीय म्हणे.

घरात वीज नव्हती, टॉर्च लावून बसल्या होत्या. मला वाटलं ड्रोनचं काहीतरी सांगतील. पण बाई तापल्या होत्या त्या २०२५ च्या राजकारणावर! जुलैत पंतप्रधान बदलले, श्मिहाल जाऊन स्विरिदेन्को आल्या, ते त्यांनी एका वाक्यात उडवलं. पण २२ जुलैला भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचे पंख छाटणारा कायदा झाला, राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी त्याच दिवशी सही केली, आणि तरुण पोरं पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर उतरली, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. मार्शल लॉमध्ये, म्हणजे युद्धकाळातल्या लष्करी कायद्यात, सभा-मोर्च्यांवर निर्बंध असतात, तरीही! ३१ जुलैला संसदेनं ३३१ मतांनी त्या यंत्रणांचे अधिकार परत दिले.

मग नोव्हेंबर. त्याच यंत्रणांनी ऊर्जाक्षेत्रातल्या सुमारे १० कोटी डॉलरच्या लाचखोरीचा आरोप बाहेर काढला. दोन मंत्री गेले, २८ तारखेला झेलेन्स्कींच्या कार्यालयाचे प्रमुख येरमाक यांनी राजीनामा दिला.

"आम्ही अंधारात, आणि हे विजेच्या कामात पैसे खातात," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, मग निवडणूक? युद्धात मतदान कायद्यानंच बंद आहे. बाई हसल्या. "आधी वीज येऊ दे, तुझी कढई घासायचीय."