वास्तुविशारदाचं पत्र, नोंद तिसरी: आकडे लागले, घडीतले शब्द बाकी

एका वास्तुविशारदाचं जुनं इंग्रजी पत्र मागच्या नोंदीपर्यंत उलगडून सपाट झालं होतं. आता ४७ पैकी ४१ ओळी पूर्ण वाचून झाल्या आहेत, कोपऱ्यातल्या कमानीच्या आकृतीची मापंही जुळली. दुरुस्ती मात्र मुद्दाम थांबवली आहे.

थांबवण्याचं कारण शाई. ती हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळाची आहे, म्हणूनच मुळात काळी असून आता तपकिरी दिसते. जाड रेघांभोवती कागदावर पिवळट कडं आलंय आणि दोन ठिकाणी अक्षर पाठीमागे फुटलंय. बॅथोफेनँथ्रोलिन या लोह ओळखणाऱ्या रसायनाची चाचणीपट्टी डिस्टिल्ड पाण्यात ओलावून, टीपकागदावर नीट टिपून, एका जाड ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबली. पट्टीवर किरमिजी डाग उमटला, म्हणजे शाईत मोकळं लोह अजून शिल्लक आहे. अशा वेळी फाटलेल्या जागी गव्हाची खळ लावली की तिच्यातलं पाणी ते लोह कोऱ्या कागदात ओढून नेतं, आणि शाई नव्हती तिथलाही कागद पुढे ठिसूळ होतो. लावताना काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही, म्हणून ही चूक वारंवार होते. इथे जिलेटिन लावून वाळवलेला जपानी टिश्यू (अतिशय पातळ पण चिवट कागद), जेमतेम ओलसर करून, एवढंच चालेल.

मजकूर आडवा लिहून झाल्यावर कागद काटकोनात फिरवून त्याच्यावरच उभा लिहिलाय. १८४० च्या आधी इंग्लंडात टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा, दुसरा कागद जोडला की दर दुप्पट. बाहेरच्या बाजूला शाईने ओढलेला मोठा ‘८’ हा पत्राचा क्रमांक नव्हे, ते ८ पेन्स आहेत. १८१२ च्या दरांनुसार एका कागदाला ५० ते ८० मैलांसाठी एवढे पडत. वाचताना दोन्ही थर एकदम सोडवायला जाऊ नये. फोटोच्या दोन प्रती काढायच्या, एकीवर आडव्या ओळी फिकट रंगाने झाकायच्या, दुसरीवर उभ्या. डोळा चुकीच्या रेघेवर घसरणं तेवढ्याने बरंच थांबतं.

आता आकडे. ‘१४ रॉड’ याचा अर्थ सळया लावला तर पुढचा अख्खा परिच्छेद निरर्थक होतो. वीटकामाचा रॉड म्हणजे दीड विटेच्या जाडीची २७२ चौरस फूट भिंत. दर ११ पौंड आणि पुढे १० की १६ शिलिंग, ते अक्षरावरून ठरेना, कारण शून्याचं आणि सहाचं वळण सारखंच आहे. बेरजेच्या रकान्यात १६१ पौंड स्वच्छ दिसतात. १४ गुणिले ११ म्हणजे १५४, आणि १४ वेळा १० शिलिंग म्हणजे १४० शिलिंग, २० ला एक पौंड या हिशेबाने ७ पौंड. जमलं. १६ धरले तर १६५ पौंड ४ शिलिंग होतात. वास्तुविशारदाच्या पत्रात अक्षर लागत नसलं की आधी गुणाकार करून बघावा, हस्ताक्षराचे तक्ते नंतर.

कमानीचंही तसंच झालं. गाळा, म्हणजे कमानीची रुंदी, ८ फूट, मध्यभागी उचल २ फूट, आणि त्रिज्येचा आकडा ३ किंवा ५. अर्ध्या गाळ्याचा वर्ग १६, उचलीचा ४, बेरीज २०, भागिले उचलीची दुप्पट म्हणजे ४: त्रिज्या ५ फूट. कागदावर गाळा बरोबर एक इंच भरतो, म्हणजे प्रमाण एका फुटाला अष्टमांश इंच. तर मग कंपासचं टोक शिखराखाली पाच-अष्टमांश इंचावर, साधारण १६ मिलिमीटरवर टेकलेलं असणार. समोरून तिथे काहीच दिसत नव्हतं. दिवा कागदाच्या पातळीशी १० अंशांवर आणला आणि नेमक्या त्याच जागी, ‘मॉर्टर’ शब्दाच्या एका अक्षराच्या पोटात, सुईच्या टोकाएवढा खड्डा सावली टाकू लागला! शाईची रेघ त्या खड्ड्यात किंचित फुटलीय, म्हणजे आकृती आधी आणि मजकूर नंतर.

तारीख फक्त ‘गुरुवार, ८ मार्च’, साल नाही. जलचिन्हात १८२६ आहे. १७९४ पासून इंग्लिश कागदात साल घालण्याची प्रथा पडली, पण ते कागद बनल्याचं साल, पत्राचं नव्हे. त्यानंतर, १८४० च्या आधी, ८ मार्चला गुरुवार येतो १८२७, १८३२ आणि १८३८ मध्ये. १८२७ कडे कल जातो, पण कचेरीत कागदाची रीम वर्षानुवर्षं पडून राहते, तेव्हा एवढ्यावर साल लिहून टाकणं बरं नव्हे. टपालाचा ठसा लाखेच्या डागाजवळ अर्धा बुजलाय. त्याचे फोटो चारही बाजूंनी तिरप्या उजेडात घ्यायचे आहेत.

उरलेल्या सहा ओळींतले अडलेले शब्द सगळे मधल्या घडीवर आहेत. तिथली शाई घासून गेलीय. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ही शाई कागदापेक्षा गडद दिसते, फिकी पडलेली अक्षरंही वर येतात. कॅमेरा आधी फोकस करून, दिवा फक्त फोटोपुरता लावायचा. टिश्यूची पट्टी घडीवर त्यानंतरच बसेल, कारण एकदा ती बसली की त्या जागेचा तिरप्या उजेडातला फोटो बिनकामाचा.