सोन्याच्या गावातली जुनी कचेरी

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाहून उत्तरेला मोटारीने साधारण दीड तास गेले की डलॉनेगा हे लहानसे गाव लागते. गावच्या चौकाच्या मधोमध उभी असलेली १८३६ सालची दुमजली विटांची इमारत पूर्वी लम्पकिन काउंटीची न्यायकचेरी होती. आता तिथे सोन्याच्या खाणींचे संग्रहालय आहे. इथल्या विटांच्या मातीतसुद्धा सोन्याचे सूक्ष्म कण आहेत, असे सांगतात, आणि भिंतींना हात लावून पाहण्याचा मोह मलाही आवरला नाही.

१८२९ च्या सुमारास या भागात सोने सापडल्याची बातमी फुटली आणि माणसांची रीघ लागली. आरंभी ओढ्यातली वाळू थाळीत घोळवून कण वेचले जात. हे पाहताना आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुणारे झारेकरी आठवले. पुढे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने डोंगरउतार फोडणे आणि अवजड मुसळांच्या गिरणीत खडक कुटणे सुरू झाले. अवजारांचा हा भाग नीटस मांडलेला आहे.

मला मात्र वरच्या मजल्यावरच्या जुन्या न्यायदालनात अधिक वेळ थांबावेसे वाटले. ही भूमी चेरोकी या इथल्या मूळ रहिवासी लोकांची होती. गावाचे नावही त्यांच्या भाषेतल्या 'पिवळा' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. जॉर्जिया राज्याने कायदे करून त्यांना स्वतःच्याच जमिनीत सोने काढण्याची मनाई केली, गोऱ्या माणसाविरुद्ध त्यांची साक्ष न्यायालयात अग्राह्य ठरवली आणि १८३२ साली त्यांच्या जमिनीचे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे सोडत काढून गोऱ्यांना वाटले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत असा निर्णय दिला, पण राज्याने तो जुमानला नाही. ही कचेरी बांधली गेली तेव्हा चेरोकी अजून आसपास राहत होते, आणि अन्यायाची दाद मागायला त्यांनी इथली पायरी चढली असती, तरी त्यांचे म्हणणे नोंदवून घेतले गेले नसते.

१८३८ साली गावात सरकारी टांकसाळ सुरू झाली. ती १८६१ पर्यंत चालली. तिथे पाडलेल्या नाण्यांचा संच संग्रहालयात आहे. त्यातल्या पहिल्या वर्षीच्या पाच डॉलरच्या नाण्यावर सालाच्या वर गावाच्या नावाचे इवलेसे 'डी' अक्षर आहे. त्याच साली सैनिकांनी चेरोकींना घरांतून काढून छावण्यांत कोंडले आणि पश्चिमेकडे हाकलले. संग्रहालयात माझी सर्वांत जास्त नजर खिळली ती त्या नाण्यावर.