पाचवा इलेक्ट्रॉन

स्मरणिकेत बाकीचे स्नेहसंमेलनावर लिहितीलच, म्हणून मी अर्धवाहकांवर, म्हणजे सिलिकॉनसारख्या धड वाहक नाही, धड रोधक नाही अशा पदार्थांवर लिहितो. बारावीला भौतिकशास्त्रात हा धडा शेवटी येतो आणि बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या तोंडावर उरकला जातो. आमच्या बाईंनी तो उरकला नाही.

ऊर्जापट्ट्यांची आकृती, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला किती ऊर्जा लागते ते दाखवणारं चित्र, त्यांनी आधी काढलंच नाही. मल्टिमीटरला थर्मिस्टर (तापमानाबरोबर रोध बदलणारा अर्धवाहकाचा तुकडा) जोडून तो बोटांच्या चिमटीत धरायला लावला. रोध सरसर उतरू लागला. तांब्याची तार तापली की रोध वाढतो, मग इथे उलटं का? हेच कोडं १८३३ साली सिल्व्हर सल्फाइड तापवताना फॅरेडेलाही पडलं होतं, हे ऐकून आम्हाला उगाच भारी वाटलं.

मग आकडे. सिलिकॉनच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे ५ × १०²² अणू, पण खोलीच्या तापमानाला बंध तोडून सुटलेले इलेक्ट्रॉन साधारण १०¹⁰, म्हणजे पाच लाख कोटी अणूंमागे एक. तापवलं की आणखी सुटतात, म्हणून रोध उतरतो. आता दर कोटी अणूंत फॉस्फरसचा फक्त एक अणू मिसळा. त्याच्या पाच संयुजा इलेक्ट्रॉनांपैकी चार बंधांत गुंततात, पाचवा मोकळा फिरतो. हिशोब आम्हीच फळ्यावर केला: मोकळे इलेक्ट्रॉन पाच लाख पट! अशी भेसळ म्हणजे डोपिंग, आणि फॉस्फरसची भेसळ असलेला स्फटिक म्हणजे एन-टाइप.

"मग एन-टाइप स्फटिक ऋणप्रभारित झाला ना?" बाईंनी साळसूदपणे विचारलं. वर्गभर होकार. "फॉस्फरसच्या केंद्रकात प्रोटॉन किती?" पंधरा. इलेक्ट्रॉनही पंधराच. स्फटिक उदासीन तो उदासीनच. हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी डोपिंग शिकवू नये, असं माझं आजही ठाम मत आहे.

डायोडमध्ये एन-टाइप भाग पी-टाइपला (इलेक्ट्रॉनांची उणीव असलेल्या भागाला) भेटतो, त्या पी-एन संधीपाशी आपोआप विभवांतर तयार होतं म्हटल्यावर मागच्या बाकावरून विचारणा झाली, "मग डायोडचा सेल करता येईल की!" बाईंनी खोडून काढलं नाही, नुसता डायोड व्होल्टमीटरला जोडला. शून्य. धातूच्या जोडांपाशी उलटी विभवांतरं तयार होऊन ते फिटतं, हे नंतर समजावलं. मग पारदर्शक लाल एलईडी (प्रकाश देणारा डायोडच) जोडून उन्हात धरला, तर काटा एक व्होल्टच्या पुढे! निळा प्रकाश टाकला तरी काटा हलला. पण निळ्या एलईडीवर लाल प्रकाश टाकला तर ढिम्म.

लाल प्रकाशाची ऊर्जा निळ्या एलईडीला का पुरत नाही, हे सांगायला ऊर्जापट्ट्यांची आकृती फळ्यावर आली ती तेव्हा.