कुंभार्ली घाट, गुहागर आणि मनाला येईल तेव्हा तापणारी गाडी

मे महिन्यात पुण्याहून गुहागरला जाऊन आलो. समुद्र, आंबे, व्याडेश्वराचं दर्शन, सगळं यथासांग झालं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते आमच्या बारा वर्षांच्या पेट्रोल गाडीबद्दल. जाताना ती दोनदा तापली, तिथे एकदा तापली, येताना एकदा तापली, आणि मधल्या वेळात काहीच झालं नाही असं दाखवत चालत राहिली. कायम तापणारी गाडी परवडते. गॅरेजमध्ये नेली की तिथेही तापते. अधूनमधून तापणारी मात्र मेकॅनिकसमोर उभी राहिली की शहाण्या मुलासारखी वागते.

पहिली चूक माझी. पहाटे पाचला निघायचं ठरवून साडेनऊला घर सोडलं. सुट्टीतल्या शुक्रवारी खंबाटकी घाटात दुपारी काय असतं ते या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगदा मिळतो, जाताना मात्र आम्हाला घाट चढावाच लागला. पहिल्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, एसी चालू, आत चार माणसं आणि डिकी भरलेली. डाव्या बाजूला चार-पाच गाड्या बॉनेट उघडून उभ्याच होत्या. त्यांच्याकडे दयेने बघत असतानाच हिने विचारलं, "आपला काटा एवढा वर असतो का?"

नसतो. तापमानाचा काटा नेहमी मध्यावर असतो, आता पाऊण झाला होता. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर सोडला. मागून आई म्हणाली, "तुला ऊन लागलंय का रे?" पण हा उपाय खरा आहे. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो खेचून आत फेकतो. काटा थोडा खाली आला, घाटमाथा गाठला, उतारावर तो पूर्ण जागेवर बसला. मे महिना, घाट, जुनी गाडी, चालायचंच, असं म्हणून मी तो विषय संपवला. ही दुसरी चूक.

पुढे उंब्रजपर्यंत हायवेला नव्वदच्या वेगाने काटा रंगवून ठेवल्यासारखा स्थिर. उंब्रजला उजवीकडे वळून मल्हारपेठवरून पाटणला निघतो तो रस्ता घ्या. कराडपर्यंत जायची गरज नाही आणि तासवडेचा टोलही वाचतो. पाटणच्या बाजारात एसटीच्या मागे दहा मिनिटं मुंगीच्या पावलांनी सरकलो. ऊन तेच, एसी चालू, आणि काटा ढिम्म. मग माझी खात्री पटली की ही घाटातच तापते. कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्लीचा उतार. उतारावर इंजिनाला काम नसतं, त्यामुळे तिथेही काही नाही. पोफळी, शिरगाव करत चिपळूणला पोचलो आणि बहादूरशेख नाक्यावर, सपाट रस्त्यावर, गर्दीत उभं असताना काटा पुन्हा पाऊण. घाटाचा सिद्धांत तिथेच निकालात निघाला.

जवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी घातली. मेकॅनिकने पहिली तपासणी योग्य केली: गाडी चालू ठेवून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखा लगेच फिरायला लागतो, तो फिरला. "फॅन ओके आहे," तो म्हणाला. "थर्मोस्टॅट अडकतोय. काढूनच टाकू, कोकणात काय गरज त्याची?" संध्याकाळ होत आली होती, आई कंटाळली होती. मी हो म्हणालो. त्याने थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला, सांडलेल्या कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) जागी नळाचं पाणी भरलं आणि गाडी परत दिली.

इथे जरा थांबतो, कारण हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट ही मेणाच्या जोरावर उघडझाप करणारी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ती उघडते. नेमका आकडा तिच्यावरच कोरलेला असतो, आमच्यावर ८२ होता. ती काढून टाकली की इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं, म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापते. नळाच्या पाण्याचीही तीच गत. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांच्या पुढे टिकतं. त्यात पाणी वाढवत गेलात की ही सवलत कमी होत जाते, वर गंज आणि क्षार मिळतात ते वेगळेच.

तरी त्या मेकॅनिकचे एका अर्थाने उपकारच झाले. चिपळूण ते गुहागर पंचेचाळीस किलोमीटर काटा मध्यापर्यंतही पोचला नाही. थर्मोस्टॅट नसल्यावर हेच व्हायचं. आणि गुहागरात शिरल्यावर, देवळाजवळच्या अरुंद रस्त्यात समोरून आलेल्या टेम्पोला वाट देत उभे राहिलो, तर सात-आठ मिनिटांत काटा पुन्हा वर. जो भाग गाडीत नाहीच तो अडकणार कसा?

त्या रात्री पडवीत बसून मी एक कागद घेतला आणि दिवसभरात गाडी कुठे तापली, कुठे नाही ते लिहून काढलं. हे काम मी खंबाटकीलाच करायला हवं होतं. तापली त्या तिन्ही जागी वेग पंधराच्या खाली होता. नव्वदच्या वेगात एकदाही नाही. याचा अर्थ रेडिएटर आतून चोंदलेला नसावा आणि पाण्याचा पंपही चालत असावा, कारण ते बिघडले असते तर वेगात, इंजिनावर जोर असताना गाडी आधी तापली असती. वेगात समोरून वारा लागतो, संथ चालताना वारा पंख्याने द्यायचा असतो. सगळा संशय पंख्यावर. पण मग पाटणच्या बाजारात का नाही तापली? आणि गॅरेजमध्ये पंखा माझ्या डोळ्यांदेखत फिरला, त्याचं काय?

सकाळी थर्मोस्टॅटची परीक्षा घेतली. सोपी असते: गरम पाण्यात सोडायचा आणि उघडतो का बघायचं. घरमालकीण काकूंकडे पातेलं मागितलं. काय करायचंय ते ऐकून त्यांनी पातेलं परत आत ठेवलं आणि एक गंजका डबा काढून दिला. "आणि ते पाणी परसात ओतू नको हो. बोक्याने चाटलंन म्हणजे?" काकूंचं शंभर टक्के बरोबर. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात. रस्त्याकडेला सांडलं तरी पाणी ओतून धुऊन टाका. डब्यातलं पाणी उकळायच्या बरंच आधी थर्मोस्टॅट छान उघडला, गार झाल्यावर मिटला. बिचारा निर्दोष होता. ते पाणी बाटलीत भरून पुण्याला आणलं.

डॅशबोर्डच्या खणात दोन वर्षं पडलेला ओबीडीचा ब्लूटूथ डोंगलही आठवला. हा सहसा स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागतो आणि इंजिनाचं खरं तापमान मोबाइलवर अंशांत दाखवतो. तुमच्याकडे नसेल तर निघण्यापूर्वी घ्या, काही शे रुपयांत येतो. गाडीचा काटा लबाड असतो. पुष्कळ गाड्यांत ८० पासून १०० च्या पुढेपर्यंत तो मध्यावरच दिसावा अशीच सोय केलेली असते, त्यामुळे तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. हल्लीच्या कित्येक गाड्यांत तर काटाही नाही, थेट लाल दिवाच.

रविवारी पहाटे साडेपाचला परतलो. डिकीत आंब्याच्या पेट्या, म्हणजे वजन आणखी वाढलेलं. सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडून पाहिलं तर पातळी चांगलीच उतरली होती. शुक्रवारी भरताना आत राहिलेली हवा बाहेर पडली होती. असं झालं की हीटरमधूनही गरमऐवजी गार वारा येतो. ती हवा अडकल्याची खूण. मी बाटलीतलं तयार कूलंट घातलं. (झाकण फक्त थंड इंजिनावर उघडायचं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडून तोंड-हात भाजून घेणारे दर उन्हाळ्यात असतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, हेड वाकतं.)

चिपळूणपर्यंत मोबाइलवर ७०-७२. पोफळी सोडल्यावर खरी चढण लागली. मोकळ्या रस्त्यावर पस्तीस-चाळीसच्या वेगात ८४, ८६. मग एका वळणावर समोर लादलेला ट्रक आला, ओव्हरटेकला जागा नाही, वेग दहा-बारा. ९३, ९७, १०१. माझ्या गाडीचा पंखा ९८ च्या आसपास लागायला हवा. काच खाली करून कान दिला. ट्रकची घरघर आणि आमच्या इंजिनाचा आवाज, पंख्याचा पत्ता नाही. १०४ ला रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली.

वाफ नव्हती, गळती नव्हती, म्हणून इंजिन चालूच ठेवलं. वाफ किंवा गळती असती तर लगेच बंद केलं असतं. बॉनेट उघडलं, पंखा स्तब्ध. रस्त्याकडेची हातभर काठी घेतली, बाही वर केली आणि पंख्याच्या मोटारीच्या पाठीवर दोनदा ठोकली. दुसऱ्या ठोक्याला पंखा भर्रकन सुटला. चार मिनिटांत १०४ चे ९४ झाले. हे करताना हात, ओढणी, मोबाइलची वायर, काहीही पात्यांजवळ नको. काही गाड्यांत चावी काढलेली असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

घाटमाथ्यावर चहा घेतला. निघताना मुद्दाम एसी लावून पाहिला, पंखा पुन्हा गप्प. पुन्हा काठी. ती काठी मग हिच्या पायाशी, पाटणपर्यंत आमच्यासोबत आली.

पाटणला रविवारी उघडा असलेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन भेटला. "काय झालंय पाव्हणं?" मी कागद दाखवला आणि काठीचं सांगितलं. त्याने आधी हॉर्नचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारी डबी, काढून पंख्याच्या जागी लावून बघितला, दोन्ही एकाच जातीचे होते. काही फरक नाही. फ्यूज ठीक. मग मोटारीचा कनेक्टर सोडवून बॅटरीवरून थेट वायरी दिल्या. पंखा फिरला. बंद करून पुन्हा दिल्या, फिरला. पाचव्या वेळी नाही फिरला. "कार्बन संपल्यात," तो म्हणाला आणि मोटार खाली उतरवली.

तेव्हा कोडं सुटलं. मोटारीतले कार्बन, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे, झिजून एवढेसे उरले होते आणि एक आपल्या खाचेत अडकत होता. मोटार थांबताना दर वेळी वेगळ्या जागी थांबते. कार्बन नीट टेकेल अशा जागी थांबली तर पुढच्या वेळी सुरू होते, नाहीतर वीज येऊनही मुकाट बसून राहते. एकदा फिरायला लागली की मग फिरत राहते. पाटणच्या बाजारात ती चांगल्या जागी थांबलेली होती, बहादूरशेख नाक्यावर वाईट. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत खड्ड्यांनी काठीचं काम केलं असावं. त्याने मापाचे कार्बन घातले, दीड तास गेला, साडेचारशे रुपये घेतले. दहा-बारा वेळा चालू-बंद करून दाखवल्याशिवाय त्याने पैसे घेतले नाहीत, हे मला फार आवडलं.

तुमची गाडी याच रस्त्याने जाणार असेल तर घरीच, निघण्याच्या आदल्या दिवशी, एसी आठ-दहा वेळा चालू-बंद करून दर वेळी पंखा लागतो का ते बघा. एकदा बघून भागत नाही, हे मी पंचेचाळीस किलोमीटर आणि एक थर्मोस्टॅट घालवून शिकलो. सोबत लिटरभर तयार कूलंट, पाच लिटर पाणी, जाड फडकं आणि टॉर्च ठेवा. गाडी वेगातच तापत असेल तर माझी गोष्ट विसरा. रेडिएटर, पंप, खालचा पाइप तिकडे बघा. इंजिन तापूनही रेडिएटरचा एक पाइप कढत आणि दुसरा गारच असेल तर मात्र थर्मोस्टॅटला दोष द्या. आणि कुठेही थेंब न गळता कूलंट कमी होत असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, सकाळी थंड गाडीचा वरचा पाइप दगडासारखा कडक लागत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेलेलं असू शकतं. अशी गाडी घाटात घालू नका, टो करून न्या.

परतीला साताऱ्यानंतर बोगद्यातून आलो, काटा हलला नाही. दुसऱ्या आठवड्यात पंख्याची मोटारच नवी टाकली, कूलंट पूर्ण बदललं, आणि काकूंच्या डब्यात पास झालेला तोच थर्मोस्टॅट नवीन गॅस्केट लावून जागेवर बसवला. आता मोबाइलवर ८८ ते ९६ दिसतं. डबा धुऊन ठेवलाय. काकू म्हणाल्या, परत आणू नको.