मुंगीचे पान

वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करताना ‘मूल बोलत नाही’ ही तक्रार रोजचीच असते. पण मूल पुस्तक ऐकत नाही, अशी तक्रार त्या दिवशी प्रथमच माझ्यापुढे आली. मूल 20 महिन्यांचे होते आणि त्याची गाडी पाच-सहा शब्दांवर अडली होती. म्हणून वडील रोज रात्री न चुकता त्याला चित्रांचे पुस्तक वाचून दाखवत, आणि तो मात्र दुसऱ्या ओळीलाच पाने उलटू लागे.

मी त्यांना नेहमीसारखे वाचायला सांगितले. वाचन स्पष्ट आणि सुरेख होते. मुलाने पान उलटले की ते हळूच मागे आणत आणि अर्धे राहिलेले वाक्य पुरे करत. एका पानाच्या कोपऱ्यात बारीकशी मुंगी होती. गोष्टीशी तिचा काही संबंध नव्हता. मुलाने तिच्यावर बोट ठेवले, वडिलांच्या तोंडाकडे पाहिले आणि नजर पुन्हा मुंगीकडे नेली.

“थांब, आधी हे होऊ दे,” वडील म्हणाले.

तपासणीतली सर्वांत मोलाची गोष्ट तेवढ्यात घडून गेली होती. बोट दाखवून दुसऱ्याचे लक्ष वेधणे मुलाला साधारण वर्षाच्या सुमारास जमू लागते, आणि ते जिकडे पाहत असते त्याच वस्तूचे नाव त्या क्षणी कानी पडले, तर तो शब्द उचलणे त्याला सोपे जाते. हे सारे ठाऊक असूनही मी उत्साहाच्या भरात पुढे सरसावून विचारले, “हे काय आहे? सांग बघू!” मुलाने पुस्तक मिटून टाकले. परीक्षा घेण्याची ही खोड इतक्या वर्षांत गेलेली नाही.

मग मी वडिलांना म्हटले, “आता अक्षरांकडे पाहू नका, तो काही दाखवेपर्यंत गप्प बसा.” मनातल्या मनात आकडे मोजत मी नऊपर्यंत आले, तेव्हा त्याने पुस्तक उघडून मुंगी शोधून काढली. “मुंगी,” वडील म्हणाले. “इवलीशी मुंगी. चालली बघ.” पान उलटायचे, परत यायचे, बोट ठेवायचे, असे पाच वेळा झाले आणि पाचव्या वेळी त्याने ओठ मिटून “मुं” असा आवाज काढला.

एवढ्यावरून मी निष्कर्ष काढला नाही. बोट दाखवणाऱ्या, नजर देणाऱ्या मुलालाही कमी ऐकू येत असू शकते, म्हणून श्रवणचाचणी लिहून दिली.

मोबाइलवर गोष्टी लावल्या तर चालेल का, असे वडिलांनी विचारले. बाळे भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 9 महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी मँडरिन भाषेतले ध्वनिभेद समोर बसलेल्या माणसाकडून आत्मसात केले, चित्रफितीवरून मात्र केले नाहीत, हे मी त्यांना सांगितले.

उठता उठता त्यांनी विचारले, “मग मॅडम, गोष्ट पुरी कधी करायची?”

“तो झोपला, की तुम्ही वाचून टाका,” मी म्हटले.