पाकिटातलं गाणं : नोंद चौथी

दोन आठवडे काही लिहिलं नाही, कारण पाकीट नाशिकला होतं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: आम्ही दोघं 'द पोस्टल सर्व्हिस' या अमेरिकन बँडच्या पद्धतीने त्यांचंच 'सच ग्रेट हाइट्स' हे गाणं बसवतोय. मी पुण्यात, मित्र नाशिकला, मधे टपालाने ये-जा करणारा एक पेन ड्राइव्ह. ऑनलाइन फाइल पाठवायची नाही, फोनवर गाण्याचा विषय काढायचा नाही. घरी याला रिकामटेकडेपणा म्हणतात.

बँडला नाव पडलं तेही असंच. डेथ कॅब फॉर क्युटी या बँडचा बेन गिबर्ड सिएटलला, डीएनटेल नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसला. जिमी वाद्यांचा सांगाडा टपालाने धाडायचा. बेन त्यात कापाकापी करून चाल, शब्द, गिटार घालून परत पाठवायचा. जोडीला रायलो कायली बँडच्या जेनी लुइसचा आवाज. 2003 साली सब पॉप या कंपनीने त्यांचा 'गिव्ह अप' हा अल्बम काढला. पुढे अमेरिकेच्या खऱ्या टपाल खात्याने नावावरून नोटीस धाडली आणि तडजोड काय झाली, तर खात्यानेच आपल्या वेबसाइटवर ती सीडी विकायला ठेवली!

तर प्रगती. सुरुवातीचे ते टिपटिप सूर डाव्या-उजव्या कानात उड्या मारतात. मी आधी ऑटो-पॅन (आवाज आपोआप डावी-उजवीकडे फिरवणारा इफेक्ट) लावला, पण सूर झोपाळ्यासारखे सरकायला लागले. मूळ गाण्यात सरकणं नाहीच. शेवटी दोन ट्रॅक केले, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, आणि एकाआड एक सूर हाताने कापला. दोन संध्याकाळी गेल्या, पण जमलं.

मग पाकीट आलं. गाणं सॅम्पलरवर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र) चढवलं, तर मित्राचा आवाज एकदम घोगरा. नियम मोडून फोन केला.

"अरे, घसा बसलाय का तुझा?"

"मी ठणठणीत आहे. तू नक्की काय ऐकतोयस?"

त्याने 48 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने घेऊन रेकॉर्ड केलेलं, माझा जुना सॅम्पलर सगळं 44.1 समजून वाजवतो. त्यामुळे मिनिटाला 175 ठोक्यांची लय 161 वर आली आणि सूर जवळपास दीड सेमिटोन (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) खाली. चूक माझीच, फाइल आधी बदलून घ्यायला हवी होती.

गंमत म्हणजे ते घसरलेलं गाणं वाईट नव्हतं. याच गाण्याचं आयर्न अँड वाइन या दुसऱ्या कलाकाराने केलेलं संथ रूप मूळ सिंगलवरच होतं, त्यामुळे ही चाल संथ लय सोसते हे ठाऊक होतं. फाइल नीट बदलून सगळं जागेवर आणलं, पण शेवटची एक ओळ तशीच घोगरी ठेवली. त्याला सांगितलेलं नाही. आता कात्री त्याच्या हातात.

पाकीट शनिवारी टाकलं. पेन ड्राइव्हवर लाल पेनाने '44.1' लिहिलंय, दोन्ही बाजूंना.