थांबायचं नवं, पळायचं जुनं

दारात जुनी गाडी खोलून ठेवली की सोलापुरात सल्ला विकत घ्यावा लागत नाही. दूधवाला, पेपरवाला, नळाला पाणी आलंय का बघायला बाहेर आलेले काका, सगळ्यांचं मत तयार असतं. एक पार्टी म्हणते काय बे, कशाला पैसे घालायलास ह्याच्यात, भंगारात दे की. दुसरी म्हणते अजिबात हात लावू नको, व्हिंटेज हाय, लै किंमत येईल. आणि तिसरी पार्टी म्हणजे गल्लीतली विशीतली पोरं, ती मोबाईलवर हरियाणातल्या मंडी डबवालीकडच्या सजवलेल्या जीपचे व्हिडिओ दाखवतात, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, टपावर लायटांची माळ, आतमध्ये नाचता येईल एवढा साऊंड, आणि म्हणतात दादा अशी करू की. मी तिघांनाही होय होय म्हणतो आणि परत गाडीखाली जातो, कारण गाडीखाली एक बरं असतं, तिथं दुसरा माणूस मावत नाही.

गाडी खरं तर माझी नाहीच. मामांची. महिंद्राची एफसी-१५०, चपट्या तोंडाची पिकअप, तरुण पोरांनी बहुतेक पाहिलीही नसेल. मामांचा पूर्व भागात चादरीचा लहान कारखाना होता, सुताची बाचकी आणायची आणि चादरींचे गठ्ठे पोचवायचे हे तिचं काम. मामा गेले, कारखाना त्याच्याआधीच बंद झालेला, गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि आरसी मामींच्या नावावर झाली. म्हणजे कायद्यानं मालक मामी, मी फक्त हात काळे करणारा.

ही एफसी मूळची अमेरिकेतल्या विलीजची, १९५६ च्या शेवटी त्यांनी आणली आणि आपल्याकडं महिंद्रानं १९६५ मध्ये. इंजिन जीपचंच, पण नाक कापून टाकलेलं, ड्रायव्हर पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मधोमध पत्र्याच्या डब्यात. त्याचा फायदा असा की लहान गाडीला मोठा हौदा मिळतो. तोटा असा की मे महिन्यात सोलापूर ४३ डिग्रीला गेलेलं असताना मांडीशेजारी चूल पेटवून बसल्यासारखं होतं. मामांच्या डाव्या पायाची पँट कायम घामानं ओली असायची, हे मामी अजून सांगते.

ते इंजिन मात्र बघण्यासारखं आहे. चार सिलिंडर, पेट्रोल, १३४ घनइंच म्हणजे २.२ लिटरच्या आसपास. पेट्रोल-हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे निम्मं इंजिन नव्या विचाराचं आणि निम्मं जुन्या. आमच्या मिस्त्रींच्या पोरानं, तो नवीन गाड्या करतो, पहिल्यांदा बोनेट शोधलं, मग स्कॅनर लावायला सॉकेट शोधलं, आणि दोन्ही नाही म्हटल्यावर हात पुसून घरी गेला. मिस्त्री स्वतः साठीच्या पुढचे आहेत, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, पान्हा निसटला की हिंदी. त्यांनी डब्याचं झाकण उचललं, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे काय, हे तर सगळं दिसतंय की." मला त्यांचं ते वाक्य फार पटलं. नव्या गाडीचं झाकण उघडलं तर वर काळं प्लास्टिक असतं, त्याच्यावर कंपनीचं नाव, आणि त्याचा अर्थ एवढाच की बाबा तुझं इथं काही काम नाही.

सोलापूरच्या हवेचा एक फायदा झाला. कोकणातली गाडी एवढी वर्षं उभी राहिली असती तर चॅसी हातात चुरा होऊन आली असती. आपल्याकडं पाऊसच कमी, पत्रा टिकला. पण उन्हानं रबर नावाची एकही वस्तू सोडलेली नाही, दाराच्या पट्ट्या, काचेचं बीडिंग, पाटे जिथं बसतात तिथले बुश, वायरीवरचं कव्हर, सगळं वाळून पापडी. वायरिंग तर हात लावला की आतली तार उघडी व्हायची. ते पूर्ण काढलं, नवीन हार्नेस ओढला, फ्यूज वाढवले. ह्याच्यावर कुणी भावनिक होऊ नये, जुन्या वायरिंगमध्ये सुंदर असं काही नसतं, त्यात फक्त आग असते.

पार्टचं म्हणाल तर जीपचे मिळतात, दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून सगळीकडं, पण एफसीचे स्वतःचे बारके पार्ट मिळत नाहीत. तिथं सोलापूर कामाला येतं. यंत्रमागाचं गाव असल्यामुळं लेथवाल्यांना झिजलेली वस्तू हातात देऊन "असलीच पाहिजे" म्हटलं की ड्रॉइंग लागत नाही, ते मोजमाप घेतात, झीज किती ते अंदाजानं ओळखतात आणि संध्याकाळी या म्हणतात (कुठली संध्याकाळ ते सांगत नाहीत). पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या शॅकलच्या पिना आणि पितळी बुश असेच झाले. आणि लोक सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाचटणी एवढंच म्हणतात, पण जगभरातल्या कितीतरी मोटारींच्या इंजिनातली कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, आपल्याकडं प्रिसिजन कॅमशाफ्टमध्ये बनते, १९९२ पासून. आमच्या गाडीची कॅमशाफ्ट खोलल्यावर लेथवाल्यानं ती उन्हात धरून प्रत्येक कॅमवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला अजून चालतंय की, हात लावू नका. अशा गावात गाडी दुरुस्त करायची म्हणजे तुम्ही अडाणी आहात हे तुम्हाला रोज कळत राहतं.

आता मुख्य भांडण. काय नवं करायचं आणि काय जुनं ठेवायचं.

मी एक रेष मारून घेतली. गाडीला थांबवणारं, दाखवणारं आणि माणसाला वाचवणारं जे असेल ते आजचं. पळवणारं जे असेल ते तिचं. त्यामुळं सगळ्यात पहिले ब्रेक. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडं ढकलतो तो मास्टर सिलिंडर, जुन्याला एकच कप्पा असतो, चार चाकांना एकच तेल, कुठंही एक पाइप गळला की पेडल सरळ तळाला आणि हातात फक्त देव. त्याच्या जागी दोन कप्प्यांचा आणला, पुढचे ब्रेक वेगळे, मागचे वेगळे, एक गेला तरी दुसरा राहतो. पुढं डिस्क ब्रेक, आणि पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा बूस्टर. आता गंमत बघा, ह्या गाडीत मास्टर सिलिंडर पायाखाली, खालच्या अंगाला, तो डिस्कपेक्षा खाली पडतो, मग तेल हळूहळू मागं उतरतं आणि पहिलं पेडल पोकळ लागतं. त्याला लाइनमध्ये एक बारका व्हॉल्व्ह टाकावा लागतो, थोडंसं प्रेशर धरून ठेवणारा. शिवाय रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि ढुंगण फिरतं, म्हणून मागच्या लाइनला प्रेशर कमी करणारा आणखी एक व्हॉल्व्ह. बाहेरून ह्यातलं काहीच दिसत नाही. पोरं म्हणतात एवढा खर्च केला आणि गाडी तशीच.

डायनामो काढून अल्टरनेटर टाकला, कारण डायनामो स्लोवर असताना चार्जच करत नाही, सिग्नलला उभं राहिलं की लाइट मान टाकतात. हेडलाइट सात इंची गोल आहेत ते तसेच ठेवले, आत हॅलोजन, रिलेवर. एलईडी नको म्हटलं. हल्ली रात्री हैदराबाद रोडला समोरून येणारा प्रत्येकजण डोळ्यात वेल्डिंग मारत येतो, त्यात आपली भर कशाला. सीटबेल्टला खालच्या पत्र्यात भोक पाडून बोल्ट टाकून भागत नाही, झटक्यात बोल्ट पत्रा फाडून वर येईल, खालून जाड पट्टी वेल्ड करायला लागते. हे सांगायचं कारण, सोलापुरात बेल्ट म्हणजे पोलिसाला दाखवायची वस्तू असा अजून बऱ्याच जणांचा समज आहे.

गिअरबॉक्स मात्र तोच. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे दात आपोआप जुळवून घेणारी सोय नाही, चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे मध्ये न्यूट्रल करून क्लच दोनदा मारायचा, नाहीतर अख्ख्या गल्लीला कळतं. पुतण्या म्हणाला बोलेरोचं डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स बसवू, ॲव्हरेज पण येईल. येईल ना. मग बोलेरोच घ्यावी की माणसानं, शोरूममध्ये मिळतीये.

इंजिन तेच ठेवलं तरी पेट्रोल तेच राहिलेलं नाही, ही एक वेगळीच गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला पाणी आवडतं, हवेतलं ओढून घेतं, आणि जुनं रबर फुगवून मऊ करतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, पाइप, कार्बोरेटरची पॅकिंग, सगळं त्या काळातलं, ह्या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही. हे सगळं आपल्याच जिल्ह्यातून, एवढे साखर कारखाने, उसाचं इथेनॉल होतंय, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतायत, बोलायची सोय नाही. उजनीच्या पाण्यावर वाढलेला ऊस माझ्या मामांच्या गाडीचा पंप खातोय एवढंच. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे पाइप आणि पडदा टाकला, टाकी आतून साफ केली, फिल्टर वाढवला.

आता दुसऱ्या पार्टीचं, व्हिंटेजवाल्यांचं. केंद्राचा २०२१ चा नियम आहे, ५० वर्षांवरची गाडी, स्वतःच्या वापरातली, धंद्याची नाही, मूळ रूपात सांभाळलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली, तर तिला व्हीए लिहिलेला खास नंबर, नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी. आणि ती रोज चालवायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला वगैरे न्यायची. नियम वाचताना माझ्या डोळ्यासमोर एक बंगला येतो, पोर्चमध्ये झाकून ठेवलेली गाडी, ड्रायव्हर रोज कपडा मारतोय. त्या गाडीला काहीच झालं नाही, कारण तिनं काहीच केलं नाही.

आमच्या गाडीचं बघा. ती मालवाहू, धंद्याची, म्हणजे पहिल्याच ओळीत बाद. पण समजा नसती, तरी मूळ रूप कुठलं? चॅसीला डावीकडं मामांनी पट्टी मारून घेतलेली, कधीतरी जादा गठ्ठे भरल्यावर तडा गेलेला. हौद्याचा तळ चेकर्ड प्लेटचा, मूळचा गेला. आणि उजव्या बाजूचा फाळका कारखान्यातल्या मोडलेल्या हातमागाच्या लाकडाचा आहे, त्यावर अजून एका ठिकाणी दोरी घासून पडलेली खाच दिसते. रंग खरवडला तर निळा, त्याच्याखाली राखाडी, त्याच्याखाली हिरवा. कंपनीनं पाठवलेली गाडी कधीच संपली, नंतरची जी आहे ती मामांनी पोट भरता भरता बनवलेली आहे. कामाची गाडी मूळ रूपात राहिली असेल तर ती कामाची नव्हती असंच मी म्हणेन. त्यामुळं फाळका बदलायचा नाही हे मी मिस्त्रींना पहिल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले वाळवी लागली तर? मी म्हणालो तर वाळवीला औषध.

व्हिंटेज सोडली तरी साधा कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या गोष्टींमध्ये बदल करायचा नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावलंय. केलाच तर एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि शिक्षा कुणाला, तर मालकाला. हे मी घरी जेवताना वाचून दाखवलं. मामींनी शांतपणे कडक भाकरी मोडून आमटीत टाकली आणि म्हणाल्या, "म्हणजे मजा तू करणार आणि जेलात मी जाणार का रे?"

तेव्हापासून मामी लक्ष घालायला लागल्या. आधी फिरकत नव्हत्या. आता सकाळी ऊन चढायच्या आत चहा घेऊन येतात आणि मालकाच्या अधिकारानं प्रश्न विचारतात. डिस्क म्हणजे काय. पासिंगला हे चालेल का (एजंटला विचारलंय, तो "बघू की" म्हणालाय, ह्याचा अर्थ सोलापुरात काहीही होऊ शकतो). सीटला त्यांनी स्वतःच चादर काढून दिली, मोराची, कारखान्यातल्या शेवटच्या मालातली, रेक्झिन चटकं देतं म्हणाल्या, आणि खरंय, उन्हात रेक्झिनवर बसणं हा गुन्हा कबूल करायला लावायचा प्रकार आहे. टेलरनं दोन सीटची कव्हर बेतली, इंजिनच्या डब्यावर मात्र चादर नको म्हटलं, तिथं खालून उष्णता अडवणारी जाड शीट चिकटवली.

परवा पहिल्यांदा त्यांना गाडीत बसवायला निघालो तर चढता येईना. एफसीत चाकाच्या वर चढून बसायचं असतं, मामींचे गुडघे सत्तरीचे. मिस्त्रींनी स्टूल आणलं. मामींनी स्टूलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एवढं सगळं नवीन केलंस, ब्रेक केलास, लाइट केलास. पायरी करायला काय झालं?"

मिस्त्री लगेच पाइपचं माप घ्यायला बसले. मी म्हटलं थांबा, वेल्डिंग कुठं करणार ते आधी ठरवू द्या, चॅसीला केलं तर चॅसीत बदल, बॉडीला केलं तर बॉडीत.

"बोल्ट मारतो," मिस्त्री म्हणाले. "साहेब आले की काढायची."

"आणि ते गेल्यावर मी खाली कशी उतरू?" मामी म्हणाल्या.